डेड स्टॉकमधली जीप

आमच्या नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला त्याच्या बाबाने, म्हणजे माझ्या मुलाने, निखिलने, जीप आणली. लाल रंगाची, बॅटरीवर चालणारी, खरे दिवे लागणारी, हॉर्न वाजणारी. आत बसलेल्या चालकाला अजून चालताच येत नसल्यामुळे गाडीचा रिमोट बापाच्या हातात. किंमत ९,८०० रुपये. आठ तास चार्ज केली की तासभर पळते. आमच्या ऑफिसातले एक साहेब याच प्रमाणात काम करायचे, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही.

बाळाला जीपमध्ये बसवलं, पट्टा लावला, सगळ्यांनी मोबाइल वर धरले आणि निखिलने रिमोट दाबला. गाडी दोन फूट पुढे गेली. बाळाने असं भोकाड पसरलं की खालच्या मजल्यावरचे काका विचारपूस करायला वर आले. त्याला उतरवलं, तर तो रांगत रांगत थेट जीपच्या रिकाम्या खोक्यात जाऊन बसला आणि तिथून डोकं बाहेर काढून हसला. मग केक खोक्यात भरवला, औक्षण खोक्यात झालं, आणि अल्बममधल्या प्रत्येक फोटोत ‘वरची बाजू’ दाखवणारा बाण आहे. जीप रुसलेल्या जावयासारखी कोपऱ्यात दिवे लावून उभी होती.

मी एसटीच्या सांगली विभागात हिशेब खात्यात एकतीस वर्षं काढली. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसत नाही. वाकडला मुलाकडे राहायला आले आणि दुसऱ्याच आठवड्यात एक दोनशे पानी वही करून तिच्यात चार रकाने आखले: वस्तू, किंमत, प्रत्यक्ष खेळण्याची मिनिटं, शेरा. पहिलीच नोंद जीपची. तीन फेऱ्यांत मिळून चौदा मिनिटं, म्हणजे मिनिटाला ७०० रुपये. या दराने आमची लालपरी चालली असती, तर स्वारगेटहून सांगलीला पोहोचेपर्यंत प्रवाशाला शेत विकावं लागलं असतं. खोक्याची नोंद तिच्या खालीच आहे. किंमत शून्य, मिनिटं मोजायचं मी चौथ्या दिवशी सोडून दिलं.

नंतर कळलं की या बाबतीत आमचं बाळ एकटं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी खेळण्यांचं मोठं संग्रहालय आहे आणि तिथे नामवंत खेळण्यांना मानाच्या यादीत घेतात. २००५ साली त्या यादीत पुठ्ठ्याचं खोकं घेतलं. २००८ साली काठी. होय, साधी झाडाची काठी. आपल्याकडेही मुलांच्या आयुष्यात काठीला मोठाच मान होता, फक्त ती मोठ्यांच्या हातात असायची.

तिसरी नोंद बोलणाऱ्या लॅपटॉपची, २,१९९ रुपये. हा निखिलच्या मित्रांनी वर्गणी काढून दिला. झाकण उघडलं की आतून एक परदेशी बाई बोलतात. कोणतंही बटण दाबा, बाई “एक्सलंट!” म्हणतात. गाईवर दाबलं तरी एक्सलंट, घोड्यावर दाबलं तरी एक्सलंट, आणि बाळ लॅपटॉपवर बसला तरी एक्सलंट. एकतीस वर्षांच्या नोकरीत ताळेबंद पैशापैशाने जुळवून मला जेवढी शाबासकी मिळाली, त्याहून जास्त त्याला एका बैठकीत मिळाली, तीही अक्षरशः बैठकीत. शिवाय त्यातली गाय ‘मू’ करते. आमच्या गाई हंबरतात. बाळ आता रस्त्यात गाय दिसली की तिला ‘मू’ म्हणून हाक मारतो आणि ती गाय माझ्याकडे बघते.

या लॅपटॉपला रात्रीची वेगळी सवय होती. कोणी हात न लावता अडीच वाजता बैठकीच्या खोलीतून आवाज यायचा, “लेट्स प्ले अगेन!” पहिल्या रात्री आमचे हे उठले आणि देवघरात दिवा लावून आले. दुसऱ्या रात्री त्यांनी लॅपटॉपवर दोन उश्या ठेवल्या. उश्यांखालून बाई म्हणाल्या, “एक्सलंट!”

पण खरी शोभा झाली ती नाचणाऱ्या निवडुंगामुळे. कापडाचा हिरवा निवडुंग, कुंडीत उभा, डोळे मोठे. त्याच्यासमोर काही बोललं की चिरक्या आवाजात तेच परत म्हणायचं आणि कमरेत वाकून नाचायचं, एवढंच त्याचं काम. किंमत ४९९ रुपये. बाळ त्याला भ्यायचा, त्यामुळे तो टीपॉयवर शोभेला ठेवलेला असायचा. बटण चालू आहे हे कोणाच्या लक्षात नाही. विहीणबाई आल्या. त्या जिन्यात चप्पल काढतायत तोवर मी सहज, आपल्याशीच, पुटपुटले, “आल्या पुन्हा ते दगडाचे लाडू घेऊन.”

विहीणबाई आत पाऊल टाकतात तोच निवडुंगाने डोलत डोलत, घंटी वाजावी तशा आवाजात सांगितलं, “आल्या पुन्हा ते दगडाचे लाडू घेऊन!”

मी म्हटलं, “अगं बाई, काहीतरीच बोलतो हा!” निवडुंग म्हणाला, “अगं बाई, काहीतरीच बोलतो हा!” विहीणबाईंनी लाडवांचा डबा टीपॉयवर ठेवला. ठेवताना आवाज झाला तोही दगडाचाच, हे मी इथे फक्त नोंदीसाठी लिहिते. त्या बिचाऱ्या हसून म्हणाल्या, “ताई, चहात बुडवून खा.” निवडुंगाने तेही परत सांगितलं. त्या दिवसापासून त्याच्या बॅटऱ्या माझ्या कपाटात कुलपात आहेत. शेरा: गोपनीय अहवाल फोडतो.

बॅटऱ्या काढणं हे मात्र लिहिण्याइतकं सोपं नसतं. खेळण्याच्या बुडाशी एक झाकण, त्याला खोल भोकात बसवलेला एक इवलासा स्क्रू. हा आमच्या घरातल्या एकाही पेचकसाने फिरत नाही. आम्ही सुरीचं टोक, नखं कापायच्या कटरची पट्टी आणि ह्यांच्या चष्म्याच्या डबीतला पेचकस, असे तिन्ही वापरून पाहिले. मी त्या स्क्रूचा शोध लावणाऱ्याचा उद्धार करत होते तेव्हा सून म्हणाली, “आई, तो मुद्दाम असतो. बटणाएवढा सेल पोरानं गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते.” मी गप्प बसले. एवढा एक स्क्रू या सगळ्या प्रकारातली सर्वांत शहाणी वस्तू आहे, अशी नोंद मी स्वतःहून केली. तुमच्या घरी असं झाकण सैल असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी ते पाहा.

यानंतर आला कोडिंग शिकवणारा सुरवंट. ३,९०० रुपये, सेलमध्ये. खोक्यावर स्वच्छ लिहिलेलं, तीन वर्षांपुढील मुलांसाठी. बाळ तेव्हा सव्वा वर्षाचा. निखिल म्हणाला, “अगं आई, तो वयाच्या मानाने पुढे आहे.” प्रत्येक बाप हेच म्हणतो. निखिलच्या वेळी ह्यांनीही तेच म्हटलं होतं.

सुरवंटाचे तुकडे एकापुढे एक जोडायचे. ज्या क्रमाने जोडू त्या क्रमाने तो वळतो, सरकतो, थांबतो. निखिलने संध्याकाळी सात वाजता जोडायला घेतला. बाळ चार मिनिटं बघत होता. मग स्वयंपाकघरातून आमटीची पळी घेऊन आला, सुरवंटाला एक हाणली, तो थांबला की नाही ते वाकून पाहिलं आणि निघून गेला. प्रोग्राम बंद करायची ती सर्वांत थेट पद्धत होती. निखिल रात्री पावणेएकपर्यंत फरशीवर पालथा पडून सुरवंटाला सोफ्याखालून वळवून आणत होता. दिवसभर हिंजवडीत तेच करतो, संध्याकाळी पैसे मोजून पुन्हा तेच. वहीत मला पाचवा रकाना आखावा लागला: प्रत्यक्ष खेळणारी व्यक्ती. तो आखल्यावर बऱ्याच नोंदींचा उलगडा झाला.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीला प्लॅस्टिक नको, लाकूड हवं. थांबा. सुनेचंही, म्हणजे मृण्मयीचंही, तेच मत आहे आणि ते मला २,८५० रुपयांना पडलं. मृण्मयीने ‘माँटेसरी सेट’ मागवला. मांजरपाटाची पिशवी, आत लाकडाची एक वाटी आणि लाकडाचं एक अंडं, एक खुंटी आणि तिच्यात अडकवायच्या तीन चकत्या. रंग कशालाच नाही, कारण रंगाने म्हणे मूल बावरतं. अंडं वाटीत ठेवायचं. मग काढायचं. बाळाने ठेवलं, काढलं, आणि माझ्याकडे बघितलं. पुढे काय, असं त्या नजरेत होतं. पुढे काही नव्हतं. अंडं सोफ्याखाली सुरवंटाच्या सोबतीला गेलं.

मला यावरून ताराबाई मोडक आठवल्या. माँटेसरीबाईंचं शिक्षणसाहित्य उत्तम, पण महाग. खेड्यातल्या मुलांना ते कुठून परवडणार, हा प्रश्न ताराबाईंना पडला होता. त्यांनी १९४५ साली बोर्डीला अनुताई वाघांना बरोबर घेऊन बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथे त्यांनी शंख-शिंपले, पानं, बिया, खडे, असं जे आजूबाजूला पडलेलं होतं त्याचंच साहित्य केलं. गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. ज्यांनी माँटेसरी फुकटात आणून दाखवली त्यांच्या महाराष्ट्रात माँटेसरी नावाचं एक अंडं आणि वाटी २,८५० रुपयांना विकत घेतली जाते. आम्ही साधेपणही हप्त्याने घेतो.

माझ्याकडे सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेली लाकडी फळं आहेत. निखिल दोन वर्षांचा असताना घेतली होती. केळं, आंबा, सीताफळ, एक चिकू. आंब्यावर निखिलच्या दातांच्या खुणा आहेत. रंग उडालाय म्हणून सुनेने ती चावायला देऊ नका असं सांगितलं, ते मला पटलं, म्हणून आता ती फक्त भाजी-भाजी खेळायला. बाळ मला चिकू विकतो. मी पैसे देते, तो पैसेही ठेवून घेतो आणि चिकूही परत घेतो. तीस वर्षं झाली, घसारा शून्य.

पण वहीतली सर्वांत महत्त्वाची नोंद यांपैकी कशाचीच नाही. ती आहे चिमट्यांची. कपडे वाळत घालायचे प्लॅस्टिकचे चिमटे, डझनाला चाळीस रुपये, आणि माझ्या रुखवतातला झाकणाचा स्टीलचा डबा. एकदा मी गच्चीत कपडे घालत होते, बाळ पायाशी. त्याने डबा ओतला. बारा चिमटे फरशीवर. मग एकेक उचलून तो डब्यात टाकायला लागला. पहिला पडला, टण्ण. तो थबकला. आत वाकून पाहिलं. दुसरा टाकला, टण्ण. मग तिसरा मुद्दाम उंचावरून. आवाज वेगळा. मग झाकण लावायचं. झाकण तिरकं बसलं, ते काढलं, फिरवलं, डोक्यावर ठेवलं, पुन्हा लावलं. लागलं. डबा हलवला, आतून खुळखुळ. आता पुन्हा उघडायचं तर झाकण निघेना. दात लावले, पायात धरला, मला हाक मारली. मी हात पुढे केला तर डबा मागे ओढून घेतला. मदत नको होती, फक्त कोणीतरी बघायला हवं होतं. शेवटी झाकण उडालं, चिमटे चहूकडे, आणि तो खदखदून हसला. सव्वीस मिनिटं. माझे कपडे वाळत घालून झाले, वाळायलाही लागले.

या सव्वीस मिनिटांत त्याला कोणी एक्सलंट म्हटलं नाही. झाकण लागलं तेव्हा लागलं, नाही तेव्हा नाही. डबा खोटी शाबासकी देत नाही.

आणि मी बोलत होते. हे माझ्या नंतर लक्षात आलं. “अरे, तो निळा राहिला.” “अगं बाई, पडला का?” “दे बरं मला एक.” लॅपटॉप चालू असताना मी काय बोलणार? त्या बाईच बोलत असतात. दोन बायकांनी एकदम बोलू नये एवढी रीत मला आहे. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये हे कोणीतरी चक्क मोजलं आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दहा ते सोळा महिन्यांची मुलं आणि त्यांचे आई-वडील, अशा २६ जोड्या होत्या. बोलणारी खेळणी चालू असताना मोठी माणसं मिनिटाला सरासरी ४० शब्द बोलली. ठोकळ्यांसारखी साधी खेळणी असताना ५६. चित्रांचं पुस्तक हातात असताना ६७. पोरंही बोलणाऱ्या खेळण्यांपाशी पुस्तकापेक्षा कमी बडबडली. २६ जोड्या म्हणजे काही फार नव्हेत, हे हिशेबनीस म्हणून मला कळतं. पण आमच्या घरातली सत्ताविसावी जोडी त्याच आकड्यांच्या बाजूची आहे.

महाग खेळण्याचा हट्ट काही आजचा नाही. आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ मराठी रंगभूमीवर आणलं, त्यामुळे हे मला लहानपणापासून माहीत. चारुदत्ताच्या पोराला दासीने मातीची गाडी करून दिली. पोर रडतं, कारण शेजारच्या मुलाकडे सोन्याची गाडी आहे. लक्षात घ्या, पोराला सोनं कळत नव्हतं, शेजारी कळत होता. वसंतसेनेला दया आली आणि तिने अंगावरचे दागिने काढून मातीच्या गाडीत भरले. पुढे तेच दागिने न्यायसभेत सगळ्यांसमोर खळकन पडले आणि चारुदत्ताच्या गळ्याशी आलं. थेट वधस्तंभापर्यंत वरात गेली. नाटक म्हणून तो वाचला. खेळण्यावर सोनं ओतलं की त्याचा जाब शेवटी बापालाच द्यावा लागतो, हे शूद्रकाला हप्त्यांचा शोध लागण्यापूर्वी कळलं होतं. निखिलच्या जीपचे अजून दोन हप्ते बाकी आहेत.

आता माझीही एक नोंद आहे, ती लपवली तर एकतीस वर्षांची नोकरी फुकट. एक दिवस सून मीटिंगमध्ये, हे बँकेत, गॅसवर पुरणाचं पातेलं आणि बाळाने टाहो फोडलेला. मी माझा मोबाइल त्याच्या हातात दिला. त्यावर नाचणारी भाजी होती. बाळ गप्प. पुरण लागलं नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नका, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलेलं मला ठाऊक होतं. मीच ते सुनेला दोनदा ऐकवलं होतं. किंमत: ०. मिनिटं: ३५. शेरा: आजीचं खेळणं. त्या दिवसापासून मी सुनेला तिसऱ्यांदा ऐकवलेलं नाही. दिवसभर राबून घरी आलेल्या आईबापांना ती महाग खेळणी का घ्यावीशी वाटतात, हेही त्याच पातेल्यापाशी कळलं. त्यांच्याकडे पैसे थोडे उरतात, वेळ अजिबात उरत नाही. जे हाताशी असतं ते माणूस देतो.

तरी हिशेब तो हिशेबच. परवा बालवाडीच्या वाटेवरच्या दुकानात गेले होते. दुकानदाराने खालून-वरून दिवे लागणारा एक हत्ती काढला. सोंड हलवतो, गाणी म्हणतो, अंक मोजतो, पुढे-मागे जातो. मी विचारलं, “हा बंद असताना काय करतो?” दुकानदार म्हणाला, “काकू, बंद असताना काय करणार?” मी म्हटलं, “मग बंद असताना माझा नातू काय करणार?” त्याने जरा विचार केला आणि आतून वीस रुपयांचा रबरी चेंडू आणून दिला. प्रामाणिक माणूस.

वर्षअखेरीचा गोषवारा असा. जीप, लॅपटॉप, निवडुंग, सुरवंट आणि अंडं-वाटी मिळून १९,२४८ रुपये. सगळा माल डेड स्टॉकमध्ये वर्ग. जीप गॅलरीत आहे, तिच्यावर आता कांदे वाळतात. डबा आणि चिमटे रोजच्या वापरात. खोकं चार महिने टिकलं, त्याचं आधी घर झालं, मग दुकान, मग एसटी, आणि शेवटी तळ फाटल्यावर बोगदा. दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीवाल्याने ते नेलं तेव्हा बाळ रडला. जीपसाठी तो पहिल्या दिवसानंतर एकदाही रडलेला नाही.

पुढच्या महिन्यात बाळाचा दुसरा वाढदिवस आहे. आप्तेष्टांना माझी नम्र विनंती: आहेर आणू नका असं मी म्हणणार नाही, तुमचं मन मला मोडवत नाही. जेवढा महाग आणायचा तेवढा आणा. फक्त पॅकिंग उघडताना कात्री जपून चालवा. खोकं फाटता कामा नये.